चौथ्या मजल्यावरचं टोक

काटेकाका कुणाच्या घरी चहाला गेले की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, मग स्वतःच्या मनगटाकडे आणि मग यजमानाकडे. बोलायचे काहीच नाहीत. पण त्या बिचाऱ्याला वाटायचं, घड्याळ नव्हे, आपली अब्रूच मागे पडली आहे. दूधवाला त्यांच्या दारात माप दोनदा भरून दाखवायचा. शिंप्याने तर चक्क हात जोडले होते. म्हणाला, काका, माप तुमचं तुम्हीच घेऊन या, मी आपला मुकाट्याने कापतो. माणूस काटेकोर, म्हणून काटेकाका. खरं नाव कागदपत्रांना ठाऊक असेल. बायको 'अहो'च्या पुढे कधी गेलीच नाही.

पोटापाण्याचा धंदाही त्यांना स्वभावाला साजेसाच मिळाला होता. ते फायबरच्या लाइनी तपासायचे. फायबर म्हणजे केसाएवढी काच. तिच्यातून उजेड पळतो आणि त्या उजेडावर बसून लोकांची कामं, फोटो आणि भांडणं इकडची तिकडे जातात. एकाने ती काच जमिनीत पुरायची, दुसऱ्याने तुकड्याला तुकडा जोडायचा, आणि सगळं झाल्यावर काटेकाकांनी येऊन नाक मुरडायचं, अशी कामाची वाटणी होती. नाक मुरडायचे पैसे मिळतात हे कळल्यावर काकू म्हणाल्या होत्या, "मग मी तर फुकटच राबले इतकी वर्षं!"

लाइन तपासायची कशी, यावरून या धंद्यात जेवढी भांडणं होतात तेवढी सासर-माहेरच्या माणसांतही होत नसतील. कंत्राटदाराला विचारलं तर तो खिशातून लाल टॉर्च काढतो. एका टोकाला टॉर्च लावायचा, दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसला की 'झालं!' म्हणून चहा मागवायचा. कॉम्प्युटरवाल्याला तर खुर्चीतून उठायचंही नसतं. तो पलीकडच्या मशीनला बसल्या जागेवरून 'आहेस का?' विचारतो, तिकडून 'आहे' आलं की लाइन उत्तम. त्याला पिंग म्हणतात. काका म्हणायचे, "झोपलेल्याला हाक मारली आणि तो 'हूं' म्हणाला, म्हणून तो पोतं उचलेल का रे?" आणखी एक बरी पद्धत आहे. इकडून मोजून उजेड सोडायचा आणि पलीकडे किती पोहोचला ते मीटर लावून बघायचं. पण त्याला दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि काकांना दुसरा माणूस पटेल तर शपथ.

काकांचा सगळा जीव होता तो यंत्रावर. ओटीडीआर म्हणतात त्याला, खांद्याला अडकवायची जाडजूड पेटी. एका टोकाला लावली की ती काचेत उजेडाची टिचकी मारते, वाटेतली काच जो अंधुक उजेड परत धाडते तो टिपते आणि पडद्यावर रेघ काढते. रेघ सरळ उतरत गेली तर काच ठीक. मध्येच पायरी पडली तर तिथे उजेड गळतोय. त्या पेटीला हात लावायची घरात, दारात, कुणालाही मुभा नव्हती. काकूंनी एकदा तिच्यावरची धूळ पुसली, तर काका आठवडाभर फुगून बसले होते.

दोन नियम त्यांनी कामावर येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हातोडी मारून बसवले होते. एक, ज्याने मोजलं नाही त्याने बोलू नये. आणि दुसरा, ज्याने जोडलं त्याने आपलाच जोड मोजू नये.

अशा घरात सून आली ती नेमकी काचा जोडणारी. मुलगा बँकेत, त्याचा या भानगडीशी काही संबंध नाही. पण त्याने जी पोरगी पसंत केली ती खड्ड्याच्या कडेला मांडी ठोकून, केसाएवढी काच सोलून, पुसून, कापून दुसऱ्या केसाला चिकटवणारी निघाली. काका आधी हरखले. मग त्यांच्या लक्षात आलं की आता जेवणाच्या टेबलावरही कुणीतरी उलट बोलणार. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात, तसलाच प्रकार. काकू मात्र खूश होत्या. इतक्या वर्षांनी घरात कुणालातरी यांचं बोलणं कळत होतं, त्यामुळे त्यांना ऐकायची गरज उरली नव्हती.

सूनबाईला कंत्राटदाराने घेतलं तेच मुळी खुशीने नव्हे. बाईमाणूस, खड्ड्यात कशी उतरणार, पावडर पुसली जाईल, असले त्याचे विचार. त्याने सांगून ठेवलं, इस्पितळाचं काम पास झालं तर कायमची जोडणीवर. नाही झालं तर गोदामात बसायचं आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. आणि इस्पितळाचं काम पास करणारे कोण? तर काटेकाका. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं!

काम असं होतं. इस्पितळाच्या नव्या इमारतीत तपासणीची मोठमोठी मशीनं आली होती आणि त्यांची चित्रं बघणारे डॉक्टर जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बसत होते. चित्रं हातात घेऊन माणसं जिन्यावरून धावत होती. म्हणून नव्या इमारतीच्या तळघरातून नवी काच टाकली, ती जुन्या इमारतीच्या पायथ्याशी एका पेटीत आणली, आणि तिथे वर चौथ्या मजल्यावर जाणाऱ्या जुन्या काचेला जोडली. तो जोड सूनबाईचा.

लोक म्हणणार, सासऱ्याने सुनेला पास केलं. काका हे जाणून होते, म्हणून तळघरात यंत्र लावताना त्यांनी चेहरा असा केला की जणू सूनबाईला ते ओळखतच नाहीत. रेघ उमटली. सरळ उतरत आली आणि बरोब्बर जोडाच्या जागी धाडकन पायरी.

"नापास," काका म्हणाले.

सूनबाईने जोड कापला, पुन्हा जोडला. काकांनी पुन्हा मोजलं. पायरी तिथेच, तेवढीच. तिने तिसऱ्यांदा जोडला. पायरी तिथेच, तेवढीच. कंत्राटदार मागे उभा राहून च्यक् च्यक् करत होता. त्याला नाही म्हटलं तरी आतून गुदगुल्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. बाई शांत, पण टेबलावर पेन आपटायची सवय. कंत्राटदार म्हणाला, वर लाल ठिपका लख्ख दिसतोय. कॉम्प्युटरवाला म्हणाला, पिंग लागतंय की हो, एकही चुकलं नाही. काका म्हणाले, माझं यंत्र खोटं बोलत नाही, जोड वाईट आहे. बाईंनी पेन आपटलं.

"तिघं तीन गोष्टी सांगताय. मी कुणाचं ऐकू? उद्या या लाइनीवरून डोक्याची चित्रं जायची आहेत, कुणाच्या वाढदिवसाचे फोटो नव्हेत."

"एकदा वरच्या टोकाकडून मोजलं तर कळेल," सूनबाई म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि टेबलाकडे बघत राहिली.

बाई काकांकडे वळल्या. "दोन्ही टोकांकडून मोजलंत ना तुम्ही?"

आता इथे काकांनी सरळ नाही म्हणून टाकायचं की नाही? पण नाही! "माझी पद्धत ठरलेली आहे," काका म्हणाले आणि रुमालाने यंत्राची काच पुसायला लागले. उत्तर असं की त्याला धड खोटंही म्हणता येऊ नये. बाईंनी मान डोलावली. उद्या दुपारी शेवटचा अहवाल द्या म्हणाल्या. बाहेर येताच कंत्राटदाराने सूनबाईला सांगितलं, "उद्यापासून गोदामाची किल्ली घेऊन जा. तुझा दोष नाही गं, ज्याचं काम त्याने करावं."

काका मागेच होते. त्यांना ते ऐकू गेलं.

आता खरी गोष्ट सांगतो. काकांचे गुडघे गेले होते. वर्षभरापासून. जिना म्हटला की त्यांच्या अंगावर काटा यायचा. जुन्या इमारतीतल्या लिफ्टवर 'बंद' अशी पाटी होती आणि ती पाटीसुद्धा आता म्हातारी झाली होती. खालच्या टोकाला यंत्र लावून काम भागतंय म्हटल्यावर काका वर गेलेच नव्हते. इथेच नव्हे, गेल्या वर्षभरात कुठेच. कुणी विचारलं तर पद्धत ठरलेली आहे! जिन्याच्या पायथ्याशी आले की म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा बुटाची लेस बांधतो," आणि पायरीवर बसायचे. बूट बिनलेसचे होते. दुसऱ्याचं घड्याळ दोन मिनिटं मागे असलं तर ज्याला झोप येत नाही, तो माणूस वर्षभर हे करत होता! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना, ते काही उगीच नाही.

आणि टोक बदलून मोजायला का हवं, हे काय त्यांना माहीत नव्हतं? अहो, त्यांनीच शिकवलं होतं लोकांना. जुनी काच आणि नवी काच एका जातीची नसते. नवी काच बडबडी, ती खूप उजेड परत धाडते. जुनी घुमी, ती जेमतेम धाडते. बडबडीकडून घुमीकडे गेलं की यंत्राला वाटतं, अरे, इथे उजेड गळाला. घुमीकडून बडबडीकडे आलं की वाटतं, अरेच्चा, उजेड वाढला! दोन्हीही खोटं. दोन्ही टोकांकडून मोजायचं, बेरीज करायची, निम्मी करायची, तो जोडाचा खरा आकडा. हे काका नव्या पोरांना डोळे मिटून सांगायचे.

त्या संध्याकाळी जेवायला तिघंच होते. मुलगा बँकेतून यायचा होता. सूनबाईने पानं वाढली, बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "बाबा, एक विचारू?"

"विचार."

"वाईट जोड दर वेळी वेगळा वाईट निघतो ना? एकदा थोडा, एकदा जास्त. मी तीनदा जोडला. तीनदा तेवढीच पायरी आली."

"मग?"

"मग काही नाही. विचारलं आपलं."

काका घास चावत राहिले. चावायला त्यात काही नव्हतं, पण चावत राहिले. काकू उठल्या, चपलांच्या कपाटामागे हात घातला, आणि गुडघ्याला चोळायच्या तेलाची लपवून ठेवलेली बाटली काढून टेबलाच्या मधोमध मिठाशेजारी ठेवली.

"अहो, वास घरभर सुटतो," त्या म्हणाल्या. "लपवायचंच असेल तर वास नसलेलं आणा."

सूनबाईने बाटलीला वळसा घालून मीठ घेतलं आणि निम्मं जेवण टाकून उठली. काकांना वाटलं, आता ही म्हणेल. उद्या बाईंच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणेल, की हे वर चढलेच नाहीत. आणि म्हणायला हवंच तिने, गोदामात तिला जायचंय. पण तिने काल म्हटलं नाही, आणि आजही म्हटलं नाही. काकांना शरम वाटली. भयंकर शरम वाटली. ताटातलं काही गोड लागेना.

सकाळी सूनबाई कुणाला न सांगता लवकरच निघून गेली. काका यंत्र खांद्याला लावून मागून गेले. आधी तळघरात जाऊन खालचा आकडा पुन्हा घेतला आणि हातावर पेनाने लिहिला. मग जुन्या इमारतीच्या जिन्याशी येऊन उभे राहिले. सवयीने बुटाकडे हात गेला. तो त्यांनी मागे घेतला.

पहिला मजला त्यांनी कठड्याला लोंबकळत काढला. तोंडातून जे शब्द निघत होते ते इस्पितळात शोभणारे नव्हते. जिन्याच्या वळणावर पोहोचले तर तिथे एक प्लास्टिकची खुर्ची. काका म्हणाले, देव पावला. बसले. घाम पुसला. उठले. पुढच्या मजल्याच्या वळणावर पुन्हा खुर्ची. बरी सोय आहे हो या इस्पितळात, काका मनात म्हणाले, लिफ्ट नाही पण माणुसकी आहे. पुन्हा बसले. तिसऱ्यावर खुर्ची होती आणि तिच्यावर पाण्याची बाटलीही होती. काकांनी बाटली संपवली. एक परिचारिका जाता जाता म्हणाली, "आजोबा, बाह्यरुग्ण विभाग खाली आहे हं." काकांनी तिच्याकडे असं बघितलं की ती दोन पायऱ्या एकदम उतरली.

चौथ्या मजल्यावर, तारांच्या कपाटासमोर, शेवटची खुर्ची. आणि तिच्याशेजारी कमरेवर हात ठेवून वॉर्डातल्या मावशी.

"आलात एकदाचे!" मावशी कडाडल्या. "आता माझ्या खुर्च्या मोकळ्या करा. पेशंटचे नातेवाईक उभे आहेत तिकडे."

"तुमच्या खुर्च्या?"

"मग कुणाच्या? ती काचा जोडणारी पोरगी सकाळीच आली, उचलून एकेक जिन्यावर नेऊन ठेवली. म्हटलं, बाई, कुणी मोठा माणूस येणार आहे का? तर म्हणाली, हो, येणार आहेत. म्हटलं, नक्की? तर म्हणाली, नक्की."

काका खुर्चीवर बसले. बसले म्हणजे काय, पाय मोडल्यासारखे टेकले. तिला सगळं ठाऊक होतं. बिनलेसचे बूट ठाऊक होते, एका टोकाचे अहवाल ठाऊक होते. एक वाक्य बोलली असती तर काल तिची सुटका होती आणि काकांची शोभा. ती बोलली नाही, आणि पहाटे उठून खुर्च्या वाहिल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशींना वाटलं गुडघ्यामुळे.

त्यांनी यंत्र लावलं. इतकी वर्षं ते सांगत आले होते की मोजताना मनात आकडा धरू नये, यंत्र देईल तो घ्यावा. आज मात्र त्यांनी आकडा मनात धरला. नुसता धरला नाही, अक्षरशः मागितला. रेघ उमटायला लागली. सरळ उतरत गेली आणि जोडाच्या जागी टुणकन वर उडी. उजेड वाढला म्हणे! काकांनी हातावरचा आकडा बघितला, बेरीज केली, निम्मी केली. उरलं जवळजवळ शून्य. इतका सुरेख जोड त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

"मावशी," काका म्हणाले, "बाईंना वर बोलवा. आणि तो कंत्राटदार. आणि तो खुर्चीतला कॉम्प्युटरवाला, त्याला तर आवर्जून."

सगळे धापा टाकत आले. कॉम्प्युटरवाला तर तिसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीवर बसला होता, त्याला उठवून आणावं लागलं. सगळ्यांच्या मागे सूनबाई होती. डॉक्टरीणबाईंच्या हातात पेन होतं, पण आपटायला टेबल नव्हतं.

"जोड पास," काका म्हणाले. "उत्तम आहे. दोन जातींच्या काचा आहेत, त्यामुळे खालून पायरी दिसते आणि वरून उडी. दोन्ही टोकांकडून मोजलं की काही नाही."

"मग काल का नाही मोजलंत?" बाईंनी विचारलं.

काकांनी यंत्राकडे बघितलं. पुसायला रुमाल काढला आणि परत खिशात ठेवला.

"काल मी वर चढलोच नव्हतो. माझे गुडघे गेलेत. वर्षभर मी एकाच टोकाकडून मोजतोय आणि पद्धत ठरलेली आहे म्हणून सांगतोय. जोडात दोष नव्हता बाई, तपासणाऱ्यात होता. या वर्षात मी ज्यांना ज्यांना नापास केलं, ते सगळं पुन्हा मोजावं लागेल."

कंत्राटदार काहीतरी विनोद करणार होता, पण बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने तो गिळला. "गोदामाची किल्ली," बाई त्याला म्हणाल्या, "तुम्हीच ठेवा." म्हणजे ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती तर. इस्पितळात भिंतींना कान असतात, आणि मावशींना दोन-दोन तोंडं.

सगळे खाली गेले. काका आणि सूनबाई उरले. गुडघे गेलेल्या माणसाला विचारा, चढणं परवडलं, पण उतरणं नको.

"खुर्च्या कुणी ठेवल्या?" काकांनी विचारलं.

"कसल्या खुर्च्या?"

"सूनबाई."

"अहो बाबा, इस्पितळ आहे. असतात खुर्च्या."

दोघं पायरी पायरी उतरत तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आले. काका खुर्चीवर टेकले. बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाईंसमोर सांगितलं का नाहीस? एका वाक्यात सुटली असतीस की गं. मी पायऱ्या चढत नाही, एवढंच तर म्हणायचं होतं."

सूनबाई कठड्याला टेकून उभी होती. "ज्याने मोजलं नाही त्याने बोलू नये," ती म्हणाली. "तुमचे गुडघे मी कुठे मोजले होते?"

काका हसायला गेले, पण हसू नीट जमलं नाही. मग त्यांनी खांद्यावरचा पट्टा डोक्यावरून काढला आणि यंत्र तिच्यापुढे धरलं. तिने दोन्ही हात पुढे केले, पण घेईना.

"धर की," काका म्हणाले. "आता वरची टोकं तुझी. फक्त आपलाच जोड मोजायचा नाही, तो मी मोजेन."

"आणि तो चौथ्या मजल्यावर असला तर?"

"तर खुर्च्या ठेव," काका म्हणाले आणि उठले.